खुंटीवरचा बिल्ला

थोरलीची पहिली भेट झाली ती त्याच्या पायांशी. तान्ह्या बाळांच्या खोलीत, बेसिनखालून दोन पाय बाहेर आले होते. बूट दाराबाहेर काढलेले, एका मोज्याला भोक, आणि त्यातून अंगठा असा डोकावत होता, जणू पाहुणा तोच आलाय. थोरलीच्या हातात बाळ पुसून उरलेल्या पाण्याचं भांडं होतं. पाय दिसले, पण ते डोक्यात शिरायच्या आत भांडं बेसिनमध्ये रिकामं झालं होतं. खाली वायर सरकवायला त्यानं नळी सोडवलेली. सगळं पाणी थेट त्याच्या तोंडावर.

"अगं आई गं!"

"आई नाही, सिस्टर," थोरली म्हणाली आणि मग जीभ चावली.

तो सरपटत बाहेर आला. केसांतून पाणी ठिबकतंय, भुवईवर फेस... आणि त्या अवतारात हसतोय! अशा वेळी हसणारा माणूस एक तर खुळा असतो, नाहीतर फार चांगला. थोरलीला काही ठरवता येईना. तिनं टॉवेल पुढे केला, त्यानं घेतला, बोटाला बोट लागलं – एवढंसंच – आणि ती गडबडून उगाचच नळ सोडून बसली.

"सिस्टर," तो खाली बघत म्हणाला, "नळी अजून सुटलेलीच आहे."

दोघांचे मोजे भिजले. सुरुवात ही अशी.

तो आला होता हात मोजायला. म्हणजे कोण किती वेळा हात धुतं ते. बाळांना ताप चढतो तो आपल्याच हातांमुळे, हे दवाखान्याला एवढ्या वर्षांनी उमगलं. उमगलं ते बरंच झालं. मग प्रत्येक बेसिनवर एक डबी लागली आणि प्रत्येकीच्या गळ्यात बिल्ला आला. साबण दाबला की डबी 'टिक' करायची आणि ज्याचा बिल्ला सगळ्यांत जवळ, त्याच्या नावावर एक धुणं लिहायची. सकाळी जिन्याजवळच्या पडद्यावर सगळ्यांचे आकडे. लगेच त्याचं नाव पडलं मोजणीवाला.

तिला थोरली म्हणत ते काकूंमुळे. काकू या खोलीतली सगळ्यांत जुनी नर्स, सव्वीस वर्षं इथेच. एकदा थोरलीच्या आईचा फोन त्यांनी उचलला. "आमची थोरली आहे का?" ऐकलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या वॉर्डाची ती थोरली. हात धुवायलाही तिला काकूंनीच शिकवलेलं. बोटांच्या फटी, अंगठा, मनगट, आणि वीस आकडे मोजेपर्यंत सुटका नाही.

आता बिल्ल्याचं ऐका. बाळ उचललं की तो दोरीवरून लोंबायचा आणि बाळाच्या नाकावर आपटायचा. थोरलीनं तो काढून बेसिनशेजारच्या खुंटीला अडकवला. मनात काही काळंबेरं नव्हतं. पण डबीला काय कळतंय? डॉक्टरांनी हात धुतले, बाळांच्या आयांनी धुतले, झाडणाऱ्या मावशींनी धुतले, काकूंनी तर दिवसभर धुतले. सगळं थोरलीच्या नावावर.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर पहिला नंबर. दोनशे चौदा!

मोजणीवाला धावतच आला. "सिस्टर, कसं जमवता हो? झोपेतसुद्धा धुता की काय?"

"तुमच्या तोंडावर ओतलं, तेही धरलंत का?"

"ते वेगळं लिहून ठेवलंय," तो हळूच म्हणाला. "माझ्या वहीत."

तिचे कान तापले. पुढचे दोन तास ती एकाच बाळाचं दुपटं पाच वेळा घडी करत होती.

कबूल करायला हवं, त्याच दुपारी तिला कळलं होतं. मावशींनी हात धुतले, डबी टिक झाली, आणि थोरली तेव्हा दहा पावलं लांब उभी होती. नजर खुंटीवर गेली. तिथल्या तिथे बिल्ला उतरवून गळ्यात घालायचा होता. एवढंच तर करायचं होतं. पण आकडा उतरला, तर तो सकाळी कशाला येईल?... बिल्ला खुंटीवरच राहिला. आणि तिथून तो रोज तिच्याकडे बघत राहिला.

मोजणीवालाही रोज यायचा. कधी वायर बघायला, कधी डबी पुसायला. पुसून पुसून डबीचा रंग जायची वेळ आली.

"ही डबी फारच मळते बाई," काकू त्याच्या पाठीमागून म्हणायच्या. "दुसऱ्या खोलीतल्या मळत नाहीत वाटतं?"

एक दिवस त्यानं कॅन्टीनमध्ये चहाला विचारलं. थोरली गेली. अर्धा तास साखर ढवळत बसली, चहा प्यायची आठवणच नाही. त्याचा फोन टेबलावर सारखा उजळत होता. त्यानं एकदा बघितलं, तिच्याकडे बघितलं... आणि फोन पालथा घातला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "चहा निवतोय तुमचा."

पंधरा दिवसांनी थोरलीचा फोटो जिन्याजवळ लागला. आईनं आपल्या सगळ्या बहिणींना फोन केले. "आमच्या थोरलीसारखे स्वच्छ हात उभ्या दवाखान्यात नाहीत!" थोरली पलीकडच्या खोलीत ऐकत होती. तिला वाटलं, पलंगाखाली जाऊन बसावं.

आणि मग काकूंना कागद आला.

दुपारची वेळ. काकू बेसिनशी उभ्या होत्या, कागद समोर टेकवलेला. त्या वाचत होत्या आणि हात चोळत होत्या. फटी, अंगठा, मनगट. डबी टिक झाली. शेजारी खुंटीवर बिल्ला.

"अगं थोरले, हे बघ गं. म्हणे, दिवसाला अकरा वेळा. सोमवारपासून मला बाळांची खोली नाही. खाली भांडारात चादरी मोजायला बसायचं." त्यांनी ओले हात पुढे केले. बोटांच्या पेरांना भेगा, कातडी सोललेली. "धुवून धुवून सालटी निघालीत माझी. आणि कागद म्हणतो, मी धुतच नाही."

थोरलीची नजर खुंटीकडे गेली.

"वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा काय दोष," काकू म्हणाल्या. "खाली लिहिलंय, तुझं बघून शिकावं म्हणून. मग शिकव बाई. मी कुठं चुकते?"

कुणी थोबाडीत मारली असती, तर थोरलीनं दुसरा गालही पुढे केला असता. पण काकू खरंच विचारत होत्या, आणि ते थोबाडीत बसण्यापेक्षा वाईट. मान खाली घालून ती खोलीबाहेर पडली. जाताना बिल्ला खुंटीवरून ओढून घेतला, दोरी तुटली.

मोजणीवाल्याची खोली जिन्याखाली. आत आकड्यांचे तीन पडदे, एक खुर्ची आणि तो. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, मग तिचे डोळे बघून विझला. तिनं तुटका बिल्ला टेबलावर ठेवला.

"हा माझ्या गळ्यात नव्हता. खुंटीला होता. ते दोनशे चौदा माझे नाहीत. काकूंचे आहेत, मावशींचे आहेत... जगाचे आहेत. मला तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही रोज येत होतात, म्हणून गप्प बसले. आता बोला काय ते."

तो बिल्ला उलटसुलट करत बसला. शेवटी म्हणाला, "मलाही."

"काय, मलाही?"

"ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये तुम्ही समोर साखर ढवळत होतात, आणि फोनवर तुमचा आकडा एकवीसनं वाढला." त्याचा आवाज खाली खाली जात होता. "चूक वर कळवली असती, तर डब्या दुरुस्तीला काढून मला दुसऱ्या इमारतीत धाडलं असतं. मला वाटलं, आणखी थोडे दिवस... कुणाचं काय बिघडतंय?"

"कुणाचं काय बिघडतंय!" थोरली कडाडली. "काकूंचे हात बघितलेत का तुम्ही? कधी आकड्यावरून नजर काढून एक तरी हात बघितलात?"

त्यानं मान हलवली. नाही.

तिचा राग त्याच्यावर होता तेवढाच स्वतःवर, म्हणून तो फार वेळ टिकला नाही. दोन लाजलेली माणसं एका खुर्चीच्या खोलीत उभी राहिली, की बघायचं तरी कुठं? दोघं बिल्ल्याकडेच बघत होती.

"चला," तो म्हणाला. "मेट्रनबाईंकडे. माझं आधी सांगतो."

"नाही. माझं आधी."

मेट्रनबाईंनी दोघांचं ऐकलं आणि तोंडाचा असा पट्टा सोडला, की बाहेरचा शिपाई दोन पावलं मागे सरकला. काकूंचा कागद तिथल्या तिथे फाडला. थोरलीचा फोटो उतरला, तिला लेखी ताकीद मिळाली. डब्या बंद. गळ्यात असल्याशिवाय मोजणारच नाही असा बिल्ला होईपर्यंत एकही आकडा लागणार नाही. आणि मोजणीवाल्याची उद्यापासून दुसऱ्या इमारतीत रवानगी.

पण खरी कचेरी तर काकूंची. थोरलीनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो मागे उभा, पुन्हा भोकाच्या मोज्यात.

काकूंनी बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग बेसिनकडे बोट दाखवलं.

"धू. पहिल्या दिवसासारखे. मी मोजते." आणि त्याच्याकडे वळून, "तुम्हीपण. दुसऱ्याचे मोजत फिरता, स्वतःचे कधी धुतलेत?"

दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. पाणी सुटलं. डबी गप्प. थोरलीला मान वर करवेना. पाण्यात तिला त्याची बोटं तेवढी दिसत होती, अडाण्यासारखी एकमेकांत घुटमळणारी.

"एक... दोन..." काकू मोजू लागल्या.

"अंगठा राहिला तुमचा," ती पुटपुटली.

"सहा... सात..."

"उद्यापासून मला इथं यायला कारण नाही," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"हं."

"बारा... तेरा..."

"कारण नसताना आलो... तर?"

थोरलीच्या डोळ्यातलं काहीतरी बेसिनमध्ये पडलं. पाण्यात पाणी, कुणाला दिसतंय. "मोज्याचं भोक शिवून या," ती म्हणाली. "आणि... काकूंना आधी नमस्कार करून मग माझ्याकडे बघा. मला एवढ्यात वर बघता येणार नाही."

"थांबेन मी. येईल तेव्हा बघा."

"सोळा... सतरा," काकू म्हणाल्या.

आणि थांबल्या. खिडकीबाहेर बघितलं, पदर सारखा केला, एका बाळाला उगाच थोपटलं. अठरा म्हणायला काकूंनी त्या दिवशी फार वेळ घेतला.