डावीकडचं माप

गॅरेज वडिलांचं, पण गेली सहा वर्षं ते चालवत होती धाकटी. हात इतका पक्का की गिऱ्हाइकं "बाईंनाच दाखवायचंय" म्हणून अडून बसायची. वडील दाराशी स्टुलावर बसून बघायचे आणि दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "तुझ्या दादाचा हात वेगळा होता."

दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. आणि हाताचं म्हणाल, तर दादाने बसवलेले नट तिनेच मागून गुपचूप पुन्हा आवळलेले असायचे. पण गेलेल्या माणसाशी बरोबरी करायची म्हणजे कठीण. तो हरत नाही आणि दमतही नाही.

मागच्या शेडमध्ये वडिलांची उंच, दणकट गाडी होती, डोंगरवाटांवर न्यायची. तिच्यातून वडील आणि दादा असे दोघेच जायचे. धाकटी फाटकात उभी राहून हात हलवायची. दादा गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. परवा वडील अचानक म्हणाले, "पुढचे बुश गेलेत. बदलून दे. एकदा वर जाऊन येतो."

"एकटेच?"

ते पाठ फिरवून स्टुलाकडे गेले. ते पाठ फिरवणंच तिला सलत राहिलं.

शनिवारी सकाळी तिने गाडी स्टँडवर चढवली, पुढची चाकं काढली, सस्पेन्शनचे आर्म उतरवले आणि आर्मच्या सांध्यातले जुने रबरी बुश प्रेसवर ढकलून बाहेर काढले. उजवीकडचं रबर जुनं झालं होतं, इतकंच. डावीकडचं मात्र एका अंगाने चेपून पार कागद झालं होतं, रोज कुणाचं तरी वजन पेलत असल्यासारखं. तेही उभ्या गाडीत. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि डब्यात टाकलं.

नवे बुश बसले. आर्म जागेवर आले, बोल्ट आरपार गेले. ते तिने नुसते हाताने फिरवून ठेवले. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं. गाडी आपल्या वजनाने चाकांवर बसली की मगच पाना लावायचा. तिने चाकं चढवून गाडी खाली घेतली, दोन-चारदा दाबून हलवली आणि टेप लावली.

चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत उजवीकडे बावन्न सेंटिमीटर. डावीकडे पन्नास.

तिने जमीन तपासली. टायरमधली हवा तपासली. मग डावी स्प्रिंग बसली असेल म्हणून पुन्हा सगळं उतरवून स्प्रिंगांची अदलाबदल केली, त्यात दुपार उलटली. बावन्न. पन्नास.

"डावीकडे कमीच येणार," स्टुलावरून वडील म्हणाले. "त्याची बाजू आहे ती."

"बाबा, गाडी रिकामी आहे."

"आवळून टाक तशीच."

मग मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हात काळे करायचे आपण, आणि गाडी बसवायची त्याच्या मापाने? तिने पाना वडिलांच्या हातात कोंबला. "तुम्हीच आवळा. मी आत बसते. मी बसल्यावर जे माप येईल, त्याच्यावर."

"तिथे नको बसूस."

"का? जागा धरून ठेवलीय?"

तिने डावीकडचं दार उघडलं. सीटवर हात टेकला, तर सीट कोमट होती. शेडमध्ये दिवसभर ऊन आलं नव्हतं.

"सरक," ती दातओठ खात पुटपुटली. कुणाला म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि बसली.

गाडी खाली जायला हवी होती. ती वर आली. अलगद, एखादं जड माणूस उतरल्यावर येते तशी.

बाहेर टेप सरकल्याचा आवाज झाला. "एक्कावन्न," वडील म्हणाले. टेप गुंडाळत म्हणाले, "तू हलकी आहेस."

असू दे हलकी. ती हसली, कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. वडील चटईवरून गाडीखाली सरकले. एकेक बोल्ट आवळला जात होता, पाना कट् कट् वाजत होता, आणि दर आवाजाला तिला वाटत होतं, ही जागा आता आपली. उद्या डोंगरावर बाबांच्या शेजारी आपणच.

शेवटचा बोल्ट आवळला गेला.

गाडीची मागची बाजू खाली दबली.

तिने मान वळवली नाही. सीटच्या पाठीतून काहीतरी तिच्या कमरेला टेकलं. दोन ठिकाणी.

वडील गाडीखालून निघाले आणि हात पुसत खिडकीशी आले. त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्याकडे बघताना तो असा उजळलेला तिने आजवर पाहिला नव्हता. आताही ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून मागे बघत होते.

"गुडघे जरा आखडून घे रे," ते म्हणाले. "तिला टोचतायत."

कमरेवरचा दाब हळूच सुटला.