डावखुरा भालाईत

फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठच्या आमच्या गावात उन्हाळ्यात होड्यांवरच्या झुंजी होत. समोरासमोर दोन नावा येत, टोकावर उभे राहिलेले भालाईत बोथट भाल्यांनी एकमेकांना ढकलत, आणि जो पाण्यात पडे त्याला सगळं गाव हसे. पणजोबांनी हेच दृश्य तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरलं होतं: लठ्ठ भालाईत कोसळतोय, टोपी आधीच पाण्यावर तरंगतेय. छापलं की चित्र उलटं येतं, हे ते विसरले. म्हणून छापात तो डावखुरा. "तुमच्या घरात एकच डावखुरा, तोही कागदावर," लोक चिडवायचे.

झुंजीच्या सकाळी फिर्मांकाका त्याचा एक छाप काढायचा. तो हरणाऱ्याला मिळे. बहुतेकदा काकाच हरायचा, म्हणून तो घरीच परत यायचा. शाईत मिसळलेल्या जवसाच्या तेलाचा वास आला की अजून मी त्या अंगणात जाते.

त्या वर्षी मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले होते. काकाने पत्र्यावरून कागद सोलून उचलला. नाव होती, हसणारी माणसं होती, टोपी होती. भालाईत नव्हता.

"पत्रा झिजला," काका म्हणाला.

"झिजताना बारीक रेघा आधी जातात. लाटा तर जशाच्या तशा आहेत. आणि तो सगळ्यांत खोल कोरलेला होता." मी पत्र्यावरून बोट फिरवलं. त्या जागी तांबं गुळगुळीत लागलं.

"आज उतरू नकोस, काका."

"एवढं शिकलीस ती भविष्य सांगायला?"

"काकू, तू तरी सांग त्याला."

"मी?" सोलांजकाकू मासे साफ करत म्हणाली. "लग्नापासून सांगतेय, कमी खा म्हणून. ऐकलं का?"

दुपारी काका पडला. टोपी तरंगली. गाव हसलं.

हळूहळू हसणं थांबलं. पाणी सपाट झालं होतं. काकूने माझं मनगट घट्ट धरलं.

मग तो वर आला, धापा टाकत. "काय झालं? कोण मेलं?"

पुन्हा हशा पिकला. काकू डोळे पुसत हसली. मीही.

संध्याकाळी अंगणात तळलेले मासे आणि वाइन होती. काकाने डाव्या हाताने पाव मोडला.

त्याच्या डाव्या भुवईवर वल्ह्याचा जुना व्रण होता. मी लहानपणी त्यावर बोट ठेवायची.

तो आता उजव्या भुवईवर होता.

मी काकूकडे पाहिलं. तीही तिथेच बघत होती, बराच वेळ.

मग तिने त्याचा ग्लास उचलला आणि त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.