झाकणावरून उठलेली मांजर

ही गोष्ट कुणालाही सांगा, खरी मानणार नाही. एका मांजरीनं कारखान्याचा अख्खा पर्यावरण अहवाल खोटा पाडला म्हटलं, की लोक आधी सांगणाऱ्याकडे बघतात आणि मग त्याच्या कपात चहाच आहे ना, ते बघतात. बघू देत. ऐकायला पैसे पडत नाहीत आणि विश्वास ठेवायची सक्ती नाही.

चष्म्यांच्या दुकानावर, जिना चढून डाव्या हाताला वहिनींचं चौकशी कार्यालय होतं. वहिनी डोकं चालवायच्या आणि त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, पाय चालवायचे. ही वाटणी भावोजींना पसंत होती असं नाही. पण त्यांना विचारलं होतं कुणी?

त्या सकाळी थंडी अशी होती की दाराची कडी हाताला चावत होती. आलेल्या बाईला खुर्ची दिली. ती बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली.

"मला कारखान्यात सगळे मापाडीण म्हणतात," ती म्हणाली. "कापड रंगवायचा कारखाना आहे. पाणी किती घेतलं, धूर किती सोडला, नदीत काय सोडलं, ते मोजायचं आणि वर्षाचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. आज दुपारी चारला मालकीणबाई अहवालाचा निकाल लावणार. आणि माझाही."

"तुझा का गं?"

"माझे आकडे म्हणतात, पाणी स्वच्छ. नदी मात्र लाल."

लाल म्हणजे किती? तर खालच्या वळणावरचे मासे लग्नाला निघाल्यासारखे नटून फिरायचे, आणि तिथल्या रोपवाटिकेतली पांढरी फुलं लाजल्यासारखी गुलाबी उमलायची. तक्रार त्या रोपवाटिकावालीनंच केली होती.

"मॅनेजर म्हणतात, मी घरी बसून आकडे लिहिले. परवाना जाईल, पोलीसही येतील. आईला अजून सांगितलेलं नाही." ती पुन्हा उठली. "मी एकही आकडा मनचा लिहिलेला नाही हो."

भावोजी गरम चहावर वाकले. चष्म्यावर वाफ धरली, तसेच आंधळ्यासारखे म्हणाले, "मीटर बिघडला असणार. साधी गोष्ट."

"पुन्हा पुन्हा तपासून घेतला. बाहेरच्या प्रयोगशाळेतही बाटली पाठवली. आकडे तेच."

"मोजतेस काय काय?" वहिनींनी विचारलं.

"रंग, आम्लता, गाळ. तापमानही मोजायचे, पण थंडी सुरू होताना तापमापकाची काडी मोडली. काका म्हणाले नवी मागवतो, ती येतेच आहे."

"काका कोण?"

"शुद्धीकरण विभागाचे प्रमुख. मला सगळं काम त्यांनी शिकवलं. तिथं माझ्या बाजूनं बोलणारे तेवढेच एक आहेत."

वहिनींनी पायात चपला सरकवल्या. भावोजींचा चहा अर्धा राहिला.

कारखान्याच्या फाटकातच मॅनेजर आडवे आले. "आकडे हिचे, सही हिची. चोर समोर उभा असताना तुम्ही पावलांचे ठसे काय शोधताय?"

"तुम्ही ते पाणी शेवटचं कधी पाहिलंत?" वहिनी म्हणाल्या.

"मी पाणी बघत नाही. मी कागद बघतो."

"बरंय. डोळे तरी ओले होत नाहीत."

आवाराच्या टोकाला लोखंडी झाकण होतं. त्याखालून कारखान्याचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन नदीकडे जायचं, आणि तिथंच मीटर बसवलेला. मापाडिणीनं कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवले आणि झाकण सरकवलं.

"पूर्वी हे उघडायचं म्हणजे आधी मांजर उचलून बाजूला ठेवावी लागायची," ती म्हणाली. "थंडीत इथंच पसरलेली असायची. यंदा ढुंकून बघत नाही. दिवस फिरले की मांजरसुद्धा ओळख विसरतं."

भावोजी गुडघ्यांवर बसले आणि मान खाली घालून बराच वेळ बघत राहिले. "वा. तळाचा खडा न् खडा दिसतोय."

वहिनी पाण्यात हात घालायला वाकल्या, तोच मागून कुणीतरी धावत आलं. पांढरे केस, गोड चेहरा. काकाच ते. "अहो, हातमोज्याशिवाय नको. रंगाचं पाणी ते, कातडी सोलून निघेल."

"बरं झालं सांगितलंत," म्हणत वहिनींनी हात मागे घेतला.

"पोर गुणी आहे हो," काका हळूच म्हणाले. "एखादी चूक होते माणसाच्या हातून. मालकीणबाईंना मी समजावीन. तिनं फक्त कबूल करून टाकावं."

मापाडिणीची मान खाली गेली. भावोजींना राहवेना, ते उगाचच इकडून तिकडे फिरू लागले.

बॉयलरच्या खोलीत बॉयलरवाला घामानं निथळत होता. "काम कमी झालंय का हो?" वहिनींनी विचारलं.

"कमी? रंगाचे हंडे उतरायला सवड नाही. बाहेर लोक कुडकुडतात, आम्ही शिजतोय. त्यात तो बोअरचा पंप दिवसभर कानाशी भुणभुणतो. बाग करायचीय म्हणे. तुम्हाला दिसली का बाग? मला तर गवताची काडी दिसत नाही."

मांजर सापडली ती भावोजींच्या येरझाऱ्यांमुळे. कापडाच्या गोदामामागं, भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या बोळात, जिथं ऊन दिवसभरात फिरकत नव्हतं, तिथल्या फरशीवर ती चारी पाय वर करून झोपली होती. सगळ्या आवारात निवांत म्हणावा असा जीव तो एकच.

भावोजी हाक मारणार, तोच काका बशी घेऊन आले. कचेरीच्या पायरीवर, चांगल्या उन्हात ती ठेवून चुचकारू लागले. "ये गं राणी. तिकडे नको बसू, इथं ये."

राणी उठली, आळस दिला, दूध संपवलं, मिशा पुसल्या आणि पुन्हा सावलीत जाऊन आडवी झाली.

"रोजचंच आहे," काका ओशाळं हसले.

"ऊन सोडून सावलीत," भावोजी म्हणाले. "ही मांजर मूर्ख आहे, वहिनी."

"या आवारात मूर्ख कोण, ते चार वाजता ठरेल, भावोजी. चला."

चारला मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. मालकीणबाई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. समोर अहवाल, आणि त्याच्यावर मापाडिणीच्या बडतर्फीचा कागद.

"मीटर खरा आहे," वहिनींनी सुरुवात केली. "ही मुलगीही खरी आहे. खोटं आहे ते पाणी."

"पाणी कसं खोटं असेल?" मॅनेजर म्हणाले.

"ते कारखान्याचं नाहीच. भावोजी, सकाळी चहावर वाकलात तेव्हा काय झालं?"

"चष्म्यावर वाफ धरली."

"आणि झाकणाखाली वाकलात तेव्हा?"

भावोजींनी चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा घातला. "खडा न् खडा दिसला."

"खाली हंडे उकळताहेत. ते पाणी असल्या थंडीत बाहेर पडलं, तर वाफ दिसायला हवी. तुम्हाला खडे दिसले. मीटरखालून जातंय ते बोअरचं गार पाणी. म्हणून पंप घुमतो आणि बाग उगवत नाही."

"गार पाणी हिला कळलं नाही?" मालकीणबाईंनी मापाडिणीकडे पाहिलं.

"कळणार कसं? हातात रबरी मोजे, आणि तापमानाची काडी मोडल्यापासून नवी आलेली नाही. कळलं ते मांजरीला. तिला झाकणाशी देणंघेणं नव्हतं, उबेशी होतं. ऊब गेली, मांजर गेली. गरम पाणी जिकडे गेलं, तिकडे ती गेली. ऊन, दूध, लाड, सगळं झुगारून ती गोदामामागच्या फरशीवर झोपते, कारण तिचं अंथरूण खालून तापतंय. त्या फरशीखाली काय आहे?"

मॅनेजरांचा चेहरा उतरला. "पावसाच्या पाण्याची जुनी नळी. खालच्या वळणाला नदीत उतरते."

"हे केलं कुणी?" मालकीणबाईंचं टोपण हातात थांबलं.

"मला आधी मॅनेजरसाहेबांचा संशय होता. पण ते पाणी बघतच नाहीत; त्यांना पाणी बदलायला जमेल कसं? काडी मागवायचं कबूल करून न मागवणारा कोण? तळ दिसण्याइतक्या स्वच्छ पाण्याला 'कातडी सोलेल' म्हणत माझा हात अडवणारा कोण? आणि एका मांजरीनं एका जागी झोपू नये म्हणून रोज दुधाची बशी नाचवणारा कोण?"

कुणी काकांकडे पाहिलं नाही. काकांनीच खुर्चीची पाठ धरली.

"घाण खाणारे जंतू असतात आमच्या टाक्यांत," ते म्हणाले. "माझ्याच चुकीनं उकळतं पाणी त्यांच्यावर गेलं. सगळे मेले. नवे वाढेपर्यंत पाणी वळवावं म्हटलं, थोडे दिवस. पण आकडे इतके सुरेख येऊ लागले, की सगळ्यांनी पाठ थोपटली. निवृत्ती तोंडावर आलेली. परत फिरायचं कसं, ते सुचेना." ते मापाडिणीकडे वळले. "तुझ्यावर शेकेल असं वाटलं नव्हतं गं."

"सही माझी होती, काका," ती म्हणाली. "आणि कबूल कर म्हणून मला सांगत होतात तुम्ही."



मालकीणबाईंनी बडतर्फीचा कागद फाडला. अहवालही फाडायला घेतला, पण मापाडिणीनं त्यावर हात ठेवला.

"हा राहू द्या. यातले नदीचे आकडे मी खोडते आणि खरे लिहिते. वाईट असले तर वाईट. पण त्यासाठी मला ते पाणी मोजायचंय. आज, आत्ता."

"जगाला आपल्याच हातानं सांगायचं, की आम्ही नदी रंगवली?" मॅनेजर म्हणाले.

"नदीनं आधीच सांगितलंय," मालकीणबाई उठल्या. "पहार आणा."

सगळं लटांबर गोदामामागं गेलं. मांजर उठायला तयार नव्हती. तिला हलवावी लागली. मग भावोजींनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. बॉयलरवाला म्हणाला, ही फरशी चार माणसांना ऐकणार नाही. भावोजी नुसते हसले. पहार डोक्यावर उचलली आणि एकच घाव घातला. फरशी दुभंगली, नळी फुटली आणि लाल पाण्याचा फवारा गोदामाच्या छपराहून उंच गेला. मॅनेजर पायापासून टाळूपर्यंत असे रंगले, की पुढं वर्षभर त्यांना घरचे ओळखत नव्हते. त्या फवाऱ्यात मापाडिणीनं बाटली धरली, भरली, मोजली, आणि भावोजींच्याच पाठीवर कागद टेकवून खरा आकडा लिहून खाली सही केली. भावोजी मात्र पहारीवर हात टेकून, जणू काही झालंच नाही अशा...

"पहार मी मारली होती," आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला. "तुम्ही मांजर धरून उभे होतात, भावोजी. तेसुद्धा तिनं ओरबाडेपर्यंतच."