शिंपीकाकांचा डावा पाय

दार लोटून घ्या आधी. आणि ती खुर्ची नको, तिचा एक पाय लबाड आहे. स्टुलावर बसा. तुमची तिघांची परवाच परीक्षा संपली ना? चेहऱ्यावरूनच कळतं. परीक्षेआधी डॉक्टर माणूस माझ्या रेकॉर्डरूमकडे फिरकत नाही, आणि संपली की रात्रपाळीला गप्पा मारायला हजर! मग ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्याला मी ओळखतो, आणि निम्मी तर माझ्या डोळ्यांदेखत घडली. चार वर्षं झाली.

त्याला आम्ही सगळे छोटा डॉक्टर म्हणायचो. बॅचमध्ये वयाने सगळ्यांत लहान, आणि दिसायला त्याहून लहान. पेशंट त्यालाच विचारायचे, ‘बाळ, डॉक्टर कधी येणार?’ तोंडावर मी अहो-जाहो करायचो, माघारी अरे-तुरे. माझ्या धाकट्याच्या वयाचा पोरगा.

तर गुरुवार, सतरा तारीख. दुपारी तीनला निकाल लागला आणि छोटा डॉक्टर पास झाला. आता फक्त सकाळी ऑफिसात जाऊन सही करायची आणि प्रॅक्टिसचा परवाना खिशात घालायचा. संध्याकाळी सहाला तो घरातून निघाला तो नाटकाची दोन तिकिटं काढायला. एक स्वतःचं, एक ताईचं. नाटकाचं वेड त्याला लहानपणापासून. पण परीक्षेसाठी दोन वर्षं त्याने नाट्यगृहाचा रस्तासुद्धा टाळला होता, पाय आपोआप आत वळतील म्हणून. परीक्षा संपली आठ तारखेला, मंगळवारी. त्यानंतरच्या नऊ दिवसांत गड्याने सहा नाटकं पाहिली! सकाळी दहापर्यंत झोप, दुपारी आईबरोबर पत्ते, रात्री नाटक. आई म्हणायची, ‘पेशंटसाठी थोडी झोप शिल्लक ठेव रे.’ तो हसायचा आणि कूस बदलायचा.

पण मजेत असताना मध्येच त्याचा चेहरा उतरायचा. पत्ता हातात तसाच राहायचा. ताई विचारायची, ‘काय झालं?’ तो म्हणायचा, ‘काही नाही गं.’ काही नाही कसं? होतंच.

तुम्हाला ठाऊक आहे, परीक्षेला केसेस बोलावतात. दरवर्षी तीच माणसं. आपल्याकडे अकरा वर्षं एक शिंपीकाका यायचे. त्यांच्या हृदयाची एक झडप आकसलेली, आणि तिचा आवाज असा सुरेख, की परीक्षक त्यांना सोडायला तयार नसत. काकाही तयारीचे. एखादा परीक्षार्थी घाबरून घामाघूम झाला, की हळूच विचारायचे, ‘डाव्या कुशीवर होऊ का, डॉक्टर?’ म्हणजे त्याला कळावं, आवाज कुठून नीट येतो ते. असे किती जण काकांनी पास केले असतील! तुमचे मोठे साहेबसुद्धा त्यांतलेच, पण माझं नाव सांगू नका.

त्या मंगळवारी पाच जणांनी काकांना तपासलं. पाचही जणांनी छातीला नळी लावली, झडप ओळखली आणि पुढे गेले. शेवटचा छोटा डॉक्टर. त्याची अर्धी वेळ झाली तेव्हा काका म्हणाले, ‘डॉक्टर, चार दिवस झाले, हा डावा पाय जड वाटतोय.’

त्याने पाहिलं. पोटरी सुजलेली. हात लावला, गरम. उजवी बारीक, डावी टरटरलेली. पायाच्या शिरेत गुठळी झाली असणार, हे क्षणात त्याच्या लक्षात आलं. पोरगा हुशारच होता.

पण केस झडपेची होती. परीक्षकांपुढे पायाचं काढलं, तर ते पायावरच प्रश्न विचारणार. मग झडप बाजूला राहणार, वेळ संपणार, दोन वर्षांची मेहनत पाण्यात. त्याने काकांच्या पायावर चादर ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, ‘परीक्षा संपल्यावर सांगतो सिस्टरना. थांबा हं काका.’

काका म्हणाले, ‘थांबतो की.’

परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली. बाहेर आला तर मित्रांनी उचलूनच नेला. साडेसहाचा प्रयोग होता, तिकिटं आधीच काढलेली. तिसऱ्या अंकात कधीतरी त्याला पाय आठवला. पण म्हणाला, उद्या जाऊन सांगू. उद्या झोपला. परवा वाटलं, एव्हाना कुणीतरी पाहिलंच असेल. आणि एकदा का ‘एव्हाना’ म्हटलं, की जायचीच लाज वाटायला लागते.

बरं, तर सतरा तारखेची रात्र. साडेनऊचा प्रयोग. फार्सच होता, तीन जावई एकाच सासूपासून लपतात वगैरे. सोळावी रांग. डाव्या हाताला ताई. थिएटर खचाखच. दहा मिनिटांत लोक पोट धरून हसायला लागले. छोटा डॉक्टरही हसत होता. निकाल लागलेला, मन मोकळं.

साधारण साडेदहाला त्याच्या लक्षात आलं, उजवीकडे कुणीतरी हसत नाहीये.

नुसता श्वास येत होता. आखूड. तोडून तोडून घेतलेला.

डॉक्टर माणूस, त्याचा कान आपोआप तिकडे गेला. मिनिटाला तीस... पस्तीस... एवढा श्वास बसलेल्या माणसाला लागत नाही. त्याने मान वळवली. अंधारात पांढरा शर्ट दिसला. वरची तीन बटणं उघडी.

‘डाव्या कुशीवर होऊ का, डॉक्टर?’

त्याने आवाज ओळखला. आणि खरं सांगायचं तर आधी त्याला भीती वाटलीच नाही. त्याला लाज वाटली. काका नाटकाला आलेत, म्हणजे बरे आहेत, पण आपण शब्द दिला आणि तोंड लपवून बसलो, ते आज पकडले गेलो.

‘काका... माझं चुकलंच. राहून गेलं.’

श्वास. श्वास.

‘पाय कसा आहे?’

‘तुम्ही थांबा म्हणालात.’

स्टेजवर सासू पडद्याआड शिरली. सगळं थिएटर हसलं. त्या हसण्यात तो काकांकडे वाकून... आणि पोरांनो, हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो रडत होता... वाकून काय म्हणाला?

‘नाटक संपल्यावर सांगतो, काका.’

उजवीकडचा श्वास थांबला.

एकदम.

मग मध्यंतराचे दिवे लागले. अकरा वाजून दहा मिनिटं. ताई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

‘अरे, भिंतीशी काय बोलतोयस मघापासून?’

त्याने उजवीकडे पाहिलं.

कडेची खुर्ची त्याचीच होती. पलीकडे भिंत. हात घालायलाही जागा नव्हती.

तो पळतच निघाला. ताईला काही सांगितलं नाही, चपलेचा अंगठा तुटला तिकडेही पाहिलं नाही. नाट्यगृहापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. वॉर्डात सिस्टर एकट्याच लिहीत बसल्या होत्या. अठरा वर्षांची नोकरी, शब्दाला कडक, मनाने लोणी.

‘सिस्टर, शिंपीकाकांचा पत्ता हवाय.’

सिस्टरांचं पेन थांबलं.

‘कशाला?’

‘त्यांच्या पायाला...’

‘गेले ते, डॉक्टर. शुक्रवारी पहाटे. पायातली गुठळी फुप्फुसात गेली.’

तो बसला. 

सिस्टर सांगत होत्या, ‘परीक्षेच्या दिवशी सगळ्या केसेस गाडीने घरी गेल्या. हे काही उठेनात. सहापर्यंत बाकावर बसून. म्हणे, छोट्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. मीच ओरडले त्यांना. रिक्षात घालून घरी पाठवलं.’

‘सिस्टर, मी...’

‘तुम्ही काही बोलू नका. मला माहीत आहे.’ त्यांनी एक केसपेपर पुढे सरकवला. ‘आज रेकॉर्डमधून मागवला. हे बघा.’

केसपेपर काकांचा. सगळ्यांत खाली निळ्या शाईत तीन ओळी. ‘डावी पोटरी सुजलेली, गरम. गुठळीची शंका. आजच दाखवावे, घरी सोडू नये.’ खाली आठ तारीख. आणि छोट्या डॉक्टरची सही. शेपूट वर वळलेली, त्याचीच.

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘तुम्ही लिहून ठेवलं होतंत. वाचायचं माझं राहिलं. एक माणूस माझ्यामुळे गेला. उद्या दहाला चौकशी आहे.’

त्याने ते लिहिलं नव्हतं.

पण अक्षर त्याचं होतं. शब्दसुद्धा त्याचे, त्या दिवशी मनात जसे आले अगदी तसे.

आता बघा. एक शब्द बोलायचा नव्हता. नुसतं गप्प बसायचं. सकाळी परवाना हातात. वर आणखी शाबासकी, की पाचांत एकट्याने पाय पाहिला. आणि सिस्टर...

तो गप्प बसला.

उठून गेला. सिस्टरांनी त्याला दाराशी थांबवून नमस्कार केला, म्हणाल्या, ‘काकांच्या वतीने.’

तीन वाजून दहा मिनिटांनी या दारावर थाप पडली. माझी रात्रपाळी होती. दार उघडलं तर छोटा डॉक्टर. एका पायात चप्पल. तुम्ही बसलाय ना डॉक्टर, त्याच स्टुलावर बसला.

‘दादा, परीक्षेच्या दिवशी केसपेपर कुठे असतात?’

‘माझ्या कपाटात. कुलूपबंद,’ मी म्हटलं. ‘नाहीतर तुम्ही लोक त्यात लिहिलेलं निदान वाचूनच पास व्हाल.’

‘किल्ली?’

‘माझ्या गळ्यात.’

मग त्याने सगळं सांगितलं, नाटकापासून. शेवटी म्हणाला, ‘दादा, काकांनी मला पुन्हा पास केलं. मेल्यावरसुद्धा. आणि मी झालोही, चार तास.’

मी पाठीवर हात ठेवला झालं.

सकाळी दहाला तो चौकशीत उभा राहिला. ‘हे मी लिहिलेलं नाही. मी पाय पाहिला आणि पास व्हायचं म्हणून कुणाला सांगितलं नाही.’ साहेब वैतागले. ‘अहो, अक्षर तुमचं, सही तुमची! उगाच हळवेपणा करू नका.’ तेव्हा मी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ‘साहेब, आठ तारखेला सकाळपासून हा कागद माझ्या कुलपात होता. कुणाचा हात लागणं शक्य नाही.’ सिस्टर सुटल्या. छोट्या डॉक्टरचा परवाना वर्षभर अडकला. काकांच्या घरी जाऊन त्याने काकूंनाही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

आता लांब एका छोट्या दवाखान्यात आहे तो. नाटक? नाव काढत नाही.

कुणी लिहिलं, ते काही कळलं नाही. मीही फार खोलात गेलो नाही. पण चौकशीनंतर कागद परत ठेवताना माझ्या बोटाला शाई लागली. म्हटलं, दमट हवा असेल. महिन्याने पाहिलं. ओली. उन्हाळ्यात पाहिलं. ओली. वरच्या सगळ्या नोंदी कोरड्या ठणठणीत, या तीन ओळी तेवढ्या...

हे मी त्याला एकदा बोलून बसलो, चूकच केली. तेव्हापासून दर महिन्याला त्याचा फोन येतो. बाकी काही विचारत नाही. ‘दादा, वाळली का?’

आज दुपारी आला होता. म्हणाला, मुलगी झाली. आणि मग तेच. मी फोन तसाच धरून कपाट उघडलं, कागद काढला, ओळीवर अंगठा टेकवला... आणि म्हटलं, ‘वाळली हो डॉक्टर. ठणठणीत वाळली.’ पलीकडून हुंदका आला. मग फोन ठेवला त्याने.

दिवा जरा इकडे करा. हा बघा अंगठा. साबणाने दोनदा धुतलाय.