कुमुदताईंच्या कानातला मणी

"आज दुधीची भाजी," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांच्या कानातला सूर धपकन खाली आला.

त्यांनी टेबलापलीकडे पाहिलं. विनायकराव, त्यांचे यजमान, वर्तमानपत्र वाचत होते. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती.

"बरं, बटाट्याची करते."

सूर अलगद वर चढला आणि गोड होऊन तिथेच थांबला.

"अहो, दुधी आवडत नाही हे इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत!"

"विचारलंस कधी?" विनायकराव पेपराआडून म्हणाले.

ओट्याशी उभ्या असलेल्या हेमलताबाई खो खो हसल्या. त्या विनायकरावांच्या थोरल्या बहीण. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कुमुदताई त्यांना अजूनही 'वन्सं' म्हणत. अशी हाक आता फारशी कुठे ऐकू येत नसे. पण कुमुदताई शिरगावकर ज्या पक्षात होत्या, तिथे जुनं काही टाकून देताना लोक जरा थांबत.

"वन्सं, याला कळतं कसं हो?" कुमुदताईंनी कानातून तुरीच्या दाण्याएवढा मणी काढून तळहातावर घेतला.

"सोपं आहे. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ असतं. ते नाडी मोजतं आणि त्वचेचा ओलावा मोजतं. हा मणी आसपासच्या घड्याळांकडून ते आकडे घेतो, सगळ्यांची मिळून सरासरी काढतो आणि तिचा सूर करतो. कुणा एकट्याचं काय ते कळत नाही. माझं घड्याळ मी काढून ठेवलंय, इथे उरला एकटा विनायक, म्हणून बिचारा पकडला गेला. लहानपणी आपण एखादी वस्तू लपवायचो, आठवतं? शोधणारा जवळ आला की टाळ्या जोरात, लांब गेला की हळू. तसंच. लोक तुझ्याशी सहमत झाले की सूर वर, नसले की खाली."

"पण माणूस सहमत आहे हे मण्याला शिकवलं कुणी?"

"मी. तुमच्याच पक्षाची दोनशे माणसं बसवली आणि त्यांना पक्षाची प्रतिज्ञा ऐकवली. तिच्याशी सगळेच सहमत, हो ना? त्या वेळी त्यांची नाडी कशी चालते ते मण्याला दाखवलं आणि सांगितलं, सहमत माणूस असा असतो."

कुमुदताईंना हे पटलं. त्यांनी मणी पुन्हा कानात घातला आणि गंमत म्हणून विचारलं, "यंदा मे महिन्यात मेघालयात जाऊ या का हो?"

सूर दुधीपेक्षाही खाली गेला.

"राहू दे. नेहमीसारखं गणपतीपुळ्यालाच जाऊ."

सूर वर आला. विनायकरावांनी पेपराचं पान उलटलं.

कुमुदताईंच्या पक्षाचं नाव 'ठेवा पक्ष'. जे चांगलं आहे ते आधी सांभाळा, मग नव्याचं पाहू, असं म्हणणाऱ्या लोकांचा हा पक्ष. नवी वस्तू आधी ओसरीवर ठेवायची आणि नीट निरखल्यावरच घरात घ्यायची, ही तिथली रीत. मणीसुद्धा वर्षभर ओसरीवर होता. शेवटी एक वृद्ध सदस्य म्हणाले, "चष्म्याने दिसतं चांगलं, तर याने ऐकू येईल चांगलं," आणि मणी घरात आला.

जुने अध्यक्ष निवृत्त होत होते. विधानसभेत कुठल्याच बाजूला बहुमत नव्हतं, त्यामुळे ठेवा पक्षाचे आमदार जिकडे हात वर करतील तिकडे निर्णय जात असे. आणि हात कुठे वर करायचा हे अध्यक्ष ठरवत. कुमुदताईंना अध्यक्ष व्हायचं होतं ते यासाठीच. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, त्यांच्या माहेरी, मुरडे गावाची देवराई होती. ती तोडून तिथे विदागार बांधायचं विधेयक येणार होतं. विदागार म्हणजे लाखो लोकांची माहिती साठवणाऱ्या यंत्रांचं कोठार. ही यंत्रं सतत तापतात आणि त्यांना थंड ठेवायला भरपूर पाणी लागतं. ते पाणी देवराईतल्या झऱ्याचं घ्यायचं ठरलं होतं. मुरड्याच्या विहिरी त्याच झऱ्यावर भरत.

समोर उमेदवार होते त्र्यंबकराव भोईटे. भरदार मिशा, त्याहून भरदार आवाज. प्रचार सुरू झाला त्या दिवशी कुमुदताईंना कळलं की त्यांच्याही कानात मणी आहे.

"वन्सं, तुम्ही त्यांनाही दिलात? तुम्ही घरच्या ना?"

"घरची आहे म्हणून तुला फुकट दिला. मी तुझी प्रचारप्रमुख नाही, संशोधक आहे. एकालाच मणी दिला तर माझा प्रयोग काय उरला?"

पहिली सभा कागलला झाली. कुमुदताईंनी देवराईपासूनच सुरुवात केली. सूर घसरला. त्या गडबडल्या आणि गावोगावच्या जुन्या विहिरींवर बोलू लागल्या. सूर वर. सभा छान झाली. गडहिंग्लजला त्यांनी सुरुवात विहिरींपासून केली आणि देवराई मधे घातली. तिथेही सूर खाली गेला, म्हणून वाईला ती शेवटी ढकलली, तीही एका वाक्यात. चिपळूणला ते एक वाक्यही निघालं नाही. सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत असा गोड लागला की कुमुदताईंना स्वतःचंच भाषण ऐकत राहावंसं वाटलं. देवराई वगळ, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपण ती वगळली, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

निवड कऱ्हाडला व्हायची होती. पक्षाच्या निवडीची एक रीत जुनी आणि जरा अवघड होती. संस्थापक अण्णासाहेब तगारे हे शाळामास्तर होते. वर्गात दोन मुलं भांडली की ते सांगत, आधी त्याचं म्हणणं तू सांग, मग स्वतःचं सांग. तोच नियम त्यांनी पक्षाला लावला. मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराने समोरच्याचं म्हणणं मांडायचं. याला ते पूर्वपक्ष म्हणत. समोरचा "हो, हे माझंच म्हणणं" असं म्हणाला, तरच पुढे स्वतःसाठी बोलायची परवानगी. तीन संधी. तीनही चुकल्या तर गप्प बसायचं.

सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षस्थानी पोतनीसकाका होते. त्यांच्यापुढे पितळी घंटा होती आणि ती ते विनाकारणही वाजवत.

कुमुदताई पहिल्या उठल्या. त्यांनी त्र्यंबकरावांचं म्हणणं मांडलं: जुन्या विहिरी, गावातल्या शाळा, आठवडी बाजार. सूर गोड लागला.

"हे तुमचं म्हणणं?" पोतनीसकाकांनी विचारलं.

"माझंच," त्र्यंबकराव म्हणाले.

मागच्या रांगेतून चिपळूणच्या एक बाई ओरडल्या, "अहो, हे तर आमच्याकडे कुमुदताई बोलल्या होत्या!"

"आणि आमच्याकडे भोईटेसाहेब!" वाईकरांतून उत्तर आलं. "विहिरीसुद्धा त्याच!"

सभागृह हसलं. पोतनीसकाकांनी घंटा वाजवली.

आता त्र्यंबकराव उठले. त्यांनी कुमुदताईंचं म्हणणं मांडलं: गावातल्या शाळा, आठवडी बाजार, जुन्या विहिरी. क्रम तेवढा बदलला होता. सूर अगदी गोड लागला होता, आणि सभागृहातली अर्धी माणसं झोपेच्या काठावर आली होती.

"हे तुमचं म्हणणं?"

कुमुदताईंच्या ओठांवर 'हो' आलं होतं. एवढं म्हटलं की झालं. सगळ्यांच्या मते पारडं त्यांच्याकडेच झुकलं होतं. पण त्र्यंबकरावांच्या भाषणात त्या मघापासून काहीतरी शोधत होत्या, आणि ते सापडत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. सूर कोसळला.

"काय राहिलं?"

"देवराई."

"कुठली देवराई?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

त्यात खोडी नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. कुमुदताईंचा चेहरा उतरला. जिच्यासाठी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तिचं नावही प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोचलं नव्हतं. चूक त्र्यंबकरावांची कशी म्हणायची?

"मुरड्याची," त्या म्हणाल्या. "तिथल्या झाडांची मुळं पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि वर्षभर थोडं थोडं सोडतात. त्यावर गाव जगतं. ती तोडून विदागार बांधायचंय. माझं म्हणणं, विदागार पलीकडच्या उजाड माळावर बांधा आणि पाणी लांबच्या धरणातून आणा. खर्च वाढेल. दोन वर्षं उशीर होईल. तरुणांना नोकऱ्या उशिरा मिळतील आणि ते आपल्यावर चिडतील. तरी पक्षाने हा तोटा पत्करावा."

सूर तळाला गेला आणि तिथेच घुमत राहिला. कुमुदताईंनी मात्र मणी काढला नाही, आणि वाक्यही गिळलं नाही.

"भोईटे, दुसरी संधी," पोतनीसकाका म्हणाले.

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. "कुमुदताईंचं म्हणणं असं, की देवराईचा मान राखू आणि विदागारही तिथेच आणू."

"नाही."

"साहेब, दोन्हीकडे गोड बोलणं ही तर तुमची खासियत!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

"तिसरी आणि शेवटची."

त्र्यंबकरावांनी सुरुवात केली, थांबले. परत सुरुवात केली, परत थांबले. शेवटी वैतागून कानावर बोट ठेवत म्हणाले, "ताई, हा मणी वर यायलाच तयार नाही. बोलू कसा?"

"मलाही तोच ऐकू येतोय, भोईटेसाहेब. तसेच बोला."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग बोलू लागले, आणि या वेळी त्यांचा तो प्रसिद्ध आवाज हळू होता.

"आमच्या गावालाही एक देवराई आहे. तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही असा नियम. मी एकदा विटीदांडूसाठी एक फांदी आणली, तर आजीने मला दोन मैल परत चालवलं आणि ती जागच्या जागी ठेवायला लावली. मी म्हटलं, आजी, एकाच फांदीने काय होतं? ती म्हणाली, प्रत्येकाकडे एकेका फांदीचं कारण असतं." ते थांबले. "ताईंचं म्हणणं असं: आज आपल्याकडे विदागाराचं कारण आहे. चांगलं कारण आहे. पण नियम करतात तो वाईट कारणांसाठी नाही. वाईट कारण कुणालाही ओळखता येतं. नियम असतो तो चांगल्या कारणापुढे टिकण्यासाठी. आणि आपण, जुनं जपणारे म्हणवणारे, तोटा होत नाही तोवरच जपणार असू, तर आपला पक्ष कशाला हवा?"

पोतनीसकाका कुमुदताईंकडे वळले.

"हे तुमचं म्हणणं?"

"माझंच," कुमुदताई म्हणाल्या. "पण मला असं मांडता आलं नसतं."

मग टाळ्या सुरू झाल्या. माणसं उभी राहिली. पोतनीसकाकांची घंटा कुणाला ऐकूच आली नाही. आणि या सगळ्या गजरात मण्यातला सूर मात्र तळालाच होता. कुमुदताईंनी चकित होऊन पहिल्या रांगेत पाहिलं. हेमलताबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. भुवया आवळून त्या हातातल्या पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

कुमुदताई थोडक्या मतांनी निवडून आल्या. त्र्यंबकराव हार घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "माझ्याच भाषणाने मला पाडलं. एवढ्या जन्मात इतकं चांगलं बोललो नव्हतो, ते नेमकं तुमच्यासाठी! देवराईच्या विधेयकावर आता मलाच बोलू द्या."

"तुम्हीच बोला," कुमुदताई म्हणाल्या, "पण आधी विदागारवाल्यांचं म्हणणं मांडा हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पोहे झाले होते. हेमलताबाई टेबलाशी बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "चुकलं माझं. मण्याला मी सहमती शिकवलीच नाही."

"मग काय शिकवलंत?"

"दोनशे माणसांना प्रतिज्ञा ऐकवली. ती त्यांना पाठ. पाठ असलेलं ऐकताना माणूस कसा असतो? निवांत. मण्याने निवांतपणा ओळखायला शिकून घेतलं. ओळखीचं बोललं की सूर वर. नवं ऐकून माणूस विचार करू लागला की नाडी वाढते, सूर खाली. राग आला तरी खाली, आनंद झाला तरी खाली."

"आनंद झाला तरी?" कुमुदताईंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मेघालयाचं म्हटलं तेव्हा..."

विनायकरावांनी पेपर खाली ठेवला. "मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, राहू दे."

"मग बोलायचं नाही का!"

"तुझ्या कानात मणी होता. म्हटलं, तुला कळलं असेल."

तिघंही हसले. मग हेमलताबाईंनी पिशवीतून एक डबी काढली. आत तांबूस रंगाचा मणी होता. "हा उलटा केलाय. लोक विचार करू लागले की याचा सूर वर जातो. अध्यक्षांना उपयोगी पडेल."

कुमुदताईंनी तो कानात घातला. "अहो, मेघालयात जाऊ या?"

सूर टुणकन वर गेला. विनायकराव हसत होते.

"आणि परत आलो की महिनाभर रोज दुधी."

विनायकरावांचं हसू मावळलं. सूर मात्र आणखी वर चढला.

कुमुदताईंनी मणी काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"वन्सं, पहिल्या मण्याने मी लोकांना झोपवत होते. हा कानात घालून मी त्यांना विचार करायला लावीन, की नुसतीच दचकवत सुटेन?"