कार्डं संपू नयेत म्हणून

“डिंक मिळेल का? म्हणजे... लावायचा आणि नंतर काढून टाकायचा.”

रंग-कागदांच्या दुकानात तेव्हा मी एकटीच होते, आणि हसू आवरणं मला जन्मात जमलेलं नाही. दारात एक उंच माणूस भिजलेला कोट झटकत उभा होता. बाहीला मांजराचे केस चिकटलेले.

“काढूनच टाकायचा, तर लावता कशाला?”

“तेच मी आईला विचारलं. तिनं इथे पाठवलं.”

मी मास्किंग फ्लुइडची बाटली त्याच्यापुढे ठेवली. “जिथे बर्फ हवा तिथे हे लावा. रबरासारखं सुकेल. मग वरून निळा रंग बिनधास्त फिरवा. तोही सुकला की बोटानं चोळून काढा, खाली कागद पांढराच. आणि ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर ब्रश गेलाच म्हणून समजा.”

तो प्राण्यांचा डॉक्टर निघाला, मागच्याच गल्लीतला. त्याची आई दर हिवाळ्यात मैत्रिणींना हातानं रंगवलेली कार्डं पाठवायची. यंदा हात थरथरायला लागला, तसं तिनं ब्रश कपाटात टाकले. म्हणाली, “यंदा नको रे, लोक समजून घेतील.”

“लोक घेतील हो,” तो बाटलीकडे बघत म्हणाला. “मलाच नाही घेता येत.”

म्हणून यंदाची कार्डं तो स्वतः रंगवणार होता.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. काउंटरवरच आमची शिकवणी चालायची.

“हे काय काढलंय?”

“झाड.”

“मला साळिंदर वाटलं.”

“दिवसभर प्राणीच बघतो ना मी... सवयीचा परिणाम.”

दुकान माझ्या मामाचं. तो कागदांच्या गठ्ठ्यांमागून मुद्दाम खोकायचा. “पोरी, एका बाटलीला किती दिवस समजावणार आहेस?”

काय सांगू त्याला? वाळलेलं रबर चोळताना बोटाला बोट लागायचं आणि मी तोच कोपरा पुन्हा चोळायचे. मला तो आवडत होता, अगदी वेड्यासारखा. आणि तयार कार्डांचा ढीग वाढेल तशी माझी झोप उडत होती. कार्डं संपली की हा इथे येईल कशाला?

एका दुपारी तो अवेळीच आला. हातात खोका, चेहरा उतरलेला.

“निघतच नाहीये...”

घाई म्हणून त्यानं कार्डं दवाखान्यातल्या पंख्याखाली वाळवली होती. अंघोळ घातलेली कुत्री वाळवतात ना, त्या गरम हवेच्या पंख्याखाली! उष्णतेनं ते रबर कागदात पार मुरलं होतं. मी एक कोपरा चोळला, तर कागदाचं सालच निघून आलं. सगळ्या कार्डांची तीच गत.

खरं सांगते, आधी आनंदच झाला. पुन्हा पहिल्यापासून! मग त्याच्याकडे पाहिलं.

“आईनं पाकिटं काढून ठेवलीत,” तो म्हणाला. “तिला काय तोंड दाखवू?”

मला माझीच लाज वाटली. नवे कागद उचलले, बाटली घेतली. “मामा, दुकान बघ!” म्हणून ओरडले आणि त्याच्याबरोबर निघाले.

त्याची आई खिडकीशी बसली होती, उजवा हात शालीखाली दडवून. कार्डं बघून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “कुत्र्यांच्या पंख्यानं? अरे बाळ्या!” मग माझ्याकडे वळली. “साळिंदर म्हणणारी ती हीच का रे?”

त्याचे कान लालबुंद.

आम्ही कामाला लागलो. मी ब्रशनं ओळीनं बर्फाचे ठिपके द्यायला घेतले. काकूंनी थोडा वेळ कसाबसा धीर धरला.

“असा कुठे बर्फ पडतो, पोरी? ही तर कवायत चाललीय.”

“मग तुम्हीच पाडा, काकू.” मी एक जुना टूथब्रश बाटलीत बुडवून पुढे केला.

हात शालीबाहेर आला, परत आत गेला. “या हातानं?”

“याच.”

त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. मलाही वाटलं, आपण आगाऊपणा तर नाही ना केला? काकूंनी टूथब्रश कागदावर धरला. हात आपसूक थरथरला आणि थेंब उडाले — कुठे बारीक, कुठे दाट, वाऱ्यानं भिरकावल्यासारखे.

“दे दुसरा कागद,” काकू म्हणाल्या.

तो पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला, आणि डोळे पुसून रिकाम्या हातानं परत आला.

बर्फ काकूंचा, आभाळ आमचं. कार्डं खुर्च्यांवर, पलंगावर, जिथे जागा मिळेल तिथे आपापली वाळली. दिवे लागले तेव्हा शेवटचं कार्ड पाकिटात गेलं.

मी निघाले. तो दाराशी बूट चढवत होता.

“कार्डं संपली...”

“हो.”

“मग उद्या... ब्रश घ्यायला येऊ?”

“ढीगभर आहेत तुमच्याकडे.”

“कागद?”

“तोही आहे.”

“मग येऊ तरी कशाला हो?” तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला.

एरवी टकळी चालवणारी मी... एक वाक्य जुळवता जुळवता घाम फुटला. “मी आवडत असेन, तर या. नसेन तर येऊ नका. रोज दाराकडे डोळे लावून बसणं आता झेपत नाही मला.”

त्याच्या हातातला दुसरा बूट तसाच राहिला.

“आवडता,” तो म्हणाला. “फार. रोज ठरवायचो, आज सांगायचंच... आणि ब्रशला कुठला साबण, तेवढं विचारून परत यायचो.”

“अरे, ऐकलं मी!” आतून काकू ओरडल्या. “आता तिला सोडून ये कोपऱ्यापर्यंत!”

तो तसाच निघाला. मी त्याचा निळे डाग पडलेला गार हात धरला, आणि कोपरा आल्यावर आम्हाला दोघांनाही दिसलं की त्याच्या एकाच पायात बूट आहे.