नऊ नंबरच्या टर्मिनलचं नाव

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-अपरात्री नाही... भर दुपारी, मंगळवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी.

दाजी फळांच्या एका मोठ्या शीतगृहात कॉम्प्युटर सांभाळायचे. यंत्रणा जुनी, युनिक्सवर चालणारी. एक सर्व्हर आणि त्याला जोडलेली अकरा टर्मिनलं, म्हणजे नुसती स्क्रीन आणि कीबोर्ड. कुठल्या टर्मिनलशी कसं वागायचं हे सर्व्हरला कळावं म्हणून प्रत्येक प्रकाराला एक नाव असतं. आधी मॉडेल, मग डॅश, मग एखाद-दोन अक्षरांची शेपटी. रुंद स्क्रीन असेल तर डब्ल्यू. घंटा वाजवण्याऐवजी स्क्रीन लखलखवायची असेल तर व्हीबी.

नऊ नंबरच्या टर्मिनलला व्हीबी होतं.

ते मागच्या केबिनमध्ये, फळं टिकावीत म्हणून नायट्रोजन सोडणाऱ्या यंत्राशेजारी. तिथे बसणारे काका ठार बहिरे. गळ्यात पाटी, खिशात खडू, जे बोलायचं ते लिहून. सगळे त्यांना पाटीवाले काका म्हणत. मोठा मिश्किल माणूस. नवीन कुणी आलं की पाटीवर लिहायचे, 'कितीही ओरडा, मला राग येणार नाही.'

दाजींना टापटिपीचं भारी वेड. आधीच्या माणसाने नावांचा नुसता बाजार मांडून ठेवला होता. एका मॉडेलला एकच नाव, असं ठरवून दाजींनी सगळ्या शेपट्या छाटल्या. व्हीबीचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. कुणाला तरी घंटेची कटकट नको असेल, असं म्हणत त्यांनी ती शेपटीही उडवली. यादीत टर्मिनलचे प्रकार होते, माणसं नव्हती. ही सोय कुणासाठी केलीय, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

बदल केला की प्रत्येक टर्मिनलपाशी जाऊन खात्री करायची पद्धत होती. मागची केबिन लांब. दाजींनी जागेवरूनच 'तपासलं' असं लिहून टाकलं.

नवव्या दिवशी नायट्रोजन गळला.

त्याला ना वास, ना रंग. माणूस नुसता पेंगतो आणि संपतो. सर्व्हरने सगळ्या टर्मिनलवर धोक्याची घंटा दिली. ऑफिसातले सगळे बाहेर पळाले. काकांची स्क्रीन लखलखली असेल, ते मागच्या दाराने निघाले असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

काका खुर्चीतच सापडले.

दाजींना कळून चुकलं. आणि त्यांनी काय केलं? चौकशीच्या आधी गुपचूप व्हीबी परत जोडलं. साहेबांसमोर म्हणाले, "नाव तर बरोबर आहे, बघा ना. स्क्रीन लखलखली असणारच. काकांचा डोळा लागला असेल."

अहवालात तोच शेरा आला. कामावर झोपले होते.

दोन महिने गेले. केबिनला कुलूप लागलं. नऊ नंबरची वायर दाजींनी स्वतः उपटली होती.

मग तो मंगळवार. दाजी काम करत होते. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कने दाजींचा फोन उचलला आणि म्हणाला, "किती वेळ वाजतोय, लक्ष कुठंय तुमचं?"

दाजींना फोन ऐकूच आला नव्हता.

तेवढ्यात त्यांची स्क्रीन... लख्खकन उजळून विझली.

एकदा. मग पुन्हा.

त्यांनी सर्व्हरला आपल्या टर्मिनलचं नाव विचारलं. मॉडेल, डॅश, व्हीबी. हे त्यांनी लावलं नव्हतं. त्यांनी ते काढलं. मग सर्व्हरला आत्ता कोण कोण जोडलेलं आहे याची यादी मागवली.

यादीत नऊ नंबर होता.

आणि पाठीमागून आवाज आला... खर्रर्र. पाटीवर खडू. वळून पाहिलं, तर भिंत.

दुसऱ्या दिवशी व्हीबी परत आलेलं. त्यांनी परत काढलं. त्या दिवशी प्रिंटरचा आवाज गेला. मग दाराची बेल गेली. मग नळाचं पाणी. जितक्या वेळा शेपटी काढावी, तितका एकेक आवाज जात राहिला. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. घाबरून त्यांनी शेपटी काढायचं सोडलं, तरी आवाज जायचे थांबले नाहीत.

फक्त खडू वाढत चालला होता. जेवताना, अंघोळ करताना... खर्रर्र, खर्रर्र.

महिन्याभरात एकच आवाज उरला. उजव्या कानाशी तोंड नेऊन बोललेली माझी ताई.

दाजी ढसाढसा रडले आणि सगळं ओकले. ताई तोंडाची फटकळ. "माझ्यापुढे काय रडताय?" ती म्हणाली. "ज्या बाईच्या नवऱ्याला झोपाळू ठरवलंत, तिला जाऊन सांगा."

दाजींनी आधी साहेबांना सगळं लेखी दिलं. मग रविवारी दोघं काकूंकडे गेले. दाजी उभ्यानेच बोलले. व्हीबी, 'तपासलं', चौकशी, खोटं. काही राखलं नाही. काकू दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.

बोलणं संपलं आणि खडू थांबला.

दाजी सांगतात, त्या क्षणी इतकं हलकं वाटलं... वाटलं, सुटलो.

मग काकू बोलायला लागल्या.

त्यांचे ओठ हलत होते. दाजींना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, ताई उजव्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाली, तेही नाही. त्यांनी खिशातून कागद-पेन काढलं आणि काकूंपुढे धरलं. लिहून द्या, अशा खुणा केल्या. काकूंनी पेन त्यांच्या खिशात परत खोचलं, शांतपणे दार लावून घेतलं.

याला तीन वर्षं झाली. दाजींना अजून काहीही ऐकू येत नाही. काकूंनी माफ केलं की शाप दिला, हे त्यांना माहीत नाही. ते ताईपुढे कागद ठेवतात, ती तो बाजूला सारते.

काकू काय म्हणाल्या, ते परवा मीही तिला विचारलं. ती म्हणाली, "ते त्यांच्यासाठी होतं. त्यांनीच ऐकायला हवं होतं."

त्या रविवारपासून ताई त्यांना घरात एक मिनिटही एकटं सोडत नाही. खुर्चीत जरा पेंगले, की हलवून जागं करते. का, म्हणून विचारलं, की आपली खुर्ची त्यांच्या आणखी जवळ ओढून बसते.